इंजिन क्रमांक १२७८ : जमवणे, चालवणे आणि जपणे

१/
अमेरिकेतील ओहायो राज्यात शुगरक्रीक नावाचे एक लहानसे गाव आहे. आसपास आमिश पंथीयांची शेती आहे आणि रस्त्यांवर अजूनही त्यांच्या घोडागाड्या दिसतात. ह्या गावात विटांची एक पंख्याच्या आकाराची इमारत उभी आहे. तिला एकाशेजारी एक अशी अठरा भव्य दारे असून प्रत्येक दारामागे एका वाफेच्या इंजिनाचा ठाण आहे. ‘एज ऑफ स्टीम राउंडहाउस’ हे तिचे नाव. एका माणसाने स्वतःच्या पैशाने उभारलेले हे खाजगी संग्रहालय आहे. आजचा धागा त्याविषयी आणि तिथे विसावलेल्या एका इंजिनाविषयी.

२/
आधी राउंडहाउस म्हणजे काय ते पाहू. वाफेचे इंजिन मागेपुढे दोन्ही दिशांना धावू शकते. पण उलटे धावताना चालकाला पुढचे नीट दिसत नाही. म्हणून प्रवासाच्या टोकाला ते फिरवून घ्यावे लागे. त्यासाठी एका गोल खड्ड्यात मध्यावर तोललेला फिरता पूल असे. इंजिन त्यावर आणायचे, पूल फिरवायचा आणि हव्या त्या रुळाशी जुळवायचा. पुलाभोवती हे रूळ पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरलेले असत आणि त्यांवर छप्पर घातले की झाले राउंडहाउस. शुगरक्रीकचा हा फिरता पूल ११५ फूट लांबीचा आहे.

३/
डिझेल इंजिने आली आणि ह्या इमारतींची गरज संपली. अमेरिकेत त्या शेकड्यांनी पाडल्या गेल्या. अशा काळात, एकविसाव्या शतकात, कुणी नवे कोरे राउंडहाउस बांधायला काढावे ही गोष्ट नवलाचीच. बांधणारे होते जेरी जेकबसन. पेशाने ते रुग्णालयात भूल देणारे परिचारक. पुढे त्यांनी ओहायोतील लहान रेल्वेमार्ग विकत घेऊन ‘ओहायो सेंट्रल’ ही मालवाहतुकीची कंपनी नावारूपास आणली. २००८ मध्ये त्यांनी ती विकली आणि त्यानंतर आयुष्यभराच्या नादाला हे कायमचे घर बांधून दिले.

४/
आत वीसहून अधिक इंजिने आहेत. त्यांतील १२७८ क्रमांकाचे इंजिन फार मोठे नाही, फार जुने नाही आणि फार वेगवानही नाही. तरीही जुन्या इंजिनांचे संग्रहालय म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे असेल तर पाहुण्याने ह्याच इंजिनापाशी थांबावे. ते तीन निरनिराळ्या हातांतून गेले आहे. पहिल्या हाताने ते जमवले, दुसऱ्याने चालवले आणि तिसऱ्याने जपले. ही तीन क्रियापदे आपण सैलपणे एकाच अर्थाने वापरतो. १२७८ ची कहाणी त्यांतले अंतर दाखवते.

५/
जन्म १९४८ चा, कॅनडातील किंग्स्टन येथील ‘कॅनेडियन लोकोमोटिव्ह कंपनी’च्या कारखान्यातला. मालक ‘कॅनेडियन पॅसिफिक’ रेल्वे आणि वर्ग ‘जी-५’. ह्या वर्गाची एकूण १०२ इंजिने १९४४ ते १९४८ ह्या काळात बांधली गेली. पुढे वाट दाखवणारी चार लहान चाके, मध्ये ओढणारी सहा मोठी चाके आणि मागे भार पेलणारी दोन, अशी तिची रचना. चाकांच्या ह्या मांडणीला ‘पॅसिफिक’ म्हणतात. हलक्या रुळांवर प्रवासी गाडी आणि मालगाडी दोन्ही ओढतील अशी ही कामसू इंजिने होती.

६/
हे वर्णन भारतीय वाचकाला ओळखीचे वाटेल. बंदुकीच्या गोळीसारखे नाक आणि त्यावर तारा मिरवणारे आपले ‘डब्ल्यूपी’ इंजिन ह्याच पॅसिफिक मांडणीचे. पहिली डब्ल्यूपी इंजिने १९४७ मध्ये अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यातून आली आणि त्यानंतरच्या काळात किंग्स्टनच्या ह्याच कारखान्यानेही भारतासाठी अनेक डब्ल्यूपी घडवली. म्हणजे शुगरक्रीकमधले १२७८ आणि आपल्याकडे मेल-एक्स्प्रेस ओढणारी ती इंजिने ह्यांतील काही तरी एकाच भट्टीतून बाहेर पडलेली भावंडे आहेत.

७/
पण भावंडांचे नशीब सारखे नव्हते. भारतात डब्ल्यूपीची बांधणी १९६७ पर्यंत चालू राहिली. उत्तर अमेरिकेत मात्र १९४८ साली वाफेचे इंजिन बांधणे म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी दुकान उघडणे होते. डिझेल दाराशी आले होते. १९६० मध्ये कॅनेडियन पॅसिफिकने वाफेची सेवा संपवली. तीस-चाळीस वर्षे सहज चालले असते असे १२७८ अवघ्या बारा वर्षांत निवृत्त झाले. त्या काळी निवृत्त इंजिनाला एकच किंमत असे, ती त्याच्या वजनाची. भंगारवाल्याच्या काट्यावर कारागिरीला भाव नसतो.

८/
इथे पहिला माणूस येतो. फ्रान्सिस नेल्सन ब्लाउंट, जन्म १९१८, ऱ्होड आयलंडचा. समुद्री खाद्याच्या धंद्यात तो गडगंज झाला होता. पण त्याचा जीव रेल्वेत होता. विशीतच त्याने मित्रासह रेल्वेवर पुस्तक लिहिले होते. पन्नाशीच्या दशकात त्याने मॅसॅच्युसेट्समधील ‘एडाव्हिल’ नावाची छोटी रेल्वे विकत घेतली. तिचा मूळ मालक एलिस डी. ॲटवुड हा क्रॅनबेरीच्या मळ्यांचा धनी. मेन राज्यातील बंद पडलेल्या चिमुकल्या रेल्वेंची इंजिने आणि डबे घेऊन त्याने आपल्या मळ्यातून ती गाडी फिरवली. रुळांतील अंतर दोन फूट, म्हणजे आपल्या नेरळ-माथेरान मार्गाइतकेच.

९/
ब्लाउंटची भूक एवढ्याने भागणार नव्हती. वाफेची मोठी इंजिने झपाट्याने वितळवली जात होती आणि तो ती झपाट्याने विकत घेत होता. काही रेल्वे कंपन्यांनी त्याला इंजिने देणगीदाखलही दिली. ह्या जमावाला नाव मिळाले ‘स्टीमटाउन’. सुरुवातीला तो न्यू हॅम्पशायरमधील नॉर्थ वॉलपोल येथे होता. नंतर नदीपलीकडे, व्हर्मॉंट राज्यातील बेलोज फॉल्स येथे गेला. साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथे अमेरिका आणि कॅनडाची सुमारे पंचवीस वाफेची इंजिने उभी होती.

१०/
त्यांत ‘बिग बॉय’ वर्गाचे ४०१२ होते : १९४१ ची बांधणी, कोळसा-पाण्याच्या गाडीसह सुमारे चाळीस मीटर लांबी आणि पाचशे टनांहून अधिक वजन. अशी एकूण २५ बांधली गेली आणि त्यांपैकी आठ आज शिल्लक आहेत. इंग्लंडहून आलेले ‘रेप्टन’ नावाचे इंजिनही ह्या संग्रहात होते. पुढे ते मायदेशी परत गेले. आणि कॅनेडियन पॅसिफिकची जी-५ वर्गातील तीन भावंडे होती : १२४६, १२७८ आणि १२९३. भंगाराच्या काट्यावरून ती ब्लाउंटमुळेच वाचली. हे त्याचे ऋण कुणालाही नाकारता येणार नाही.

११/
हा संग्रह सार्वजनिक व्हावा असा प्रयत्नही झाला होता. न्यू हॅम्पशायर राज्याने तो स्वीकारून कीन ह्या गावी संग्रहालय उभारावे, अशी योजना साठीच्या दशकाच्या आरंभी पुढे आली. तिला मावळत्या गव्हर्नरचा पाठिंबा होता. त्याच्यानंतर आलेल्या गव्हर्नरच्या काळात राज्याने ती नाकारली. खर्चाचा धोका राज्याच्या गळ्यात पडेल अशी भीती होती. मग ब्लाउंटने ना-नफा प्रतिष्ठान स्थापन केले. कागदावर संस्था झाली. प्रत्यक्षात मात्र संस्था म्हणजे ब्लाउंट आणि ब्लाउंट म्हणजेच संस्था अशी स्थिती राहिली.

१२/
३१ ऑगस्ट १९६७ रोजी ब्लाउंटचे खाजगी विमान न्यू हॅम्पशायरमध्ये कोसळले. स्वतः विमान चालवणारा हा माणूस वयाच्या ४९ व्या वर्षी गेला. मागे राहिली हजारो टन लोखंडाची इंजिने. लोखंड टिकाऊ असते हा आपला गैरसमज आहे. उघड्यावर उभ्या इंजिनाच्या आच्छादनाखाली पावसाचे पाणी शिरते, तिथली उष्णतारोधक भर ते धरून ठेवते आणि बॉयलरचा पत्रा बाहेरून न दिसता कुजत जातो. एक इंजिन विकत घेण्यास एक स्वाक्षरी पुरते. ते टिकवण्यास मात्र दरवर्षी पैसा लागतो, माणसे लागतात आणि छप्पर लागते.

१३/
स्टीमटाउनला ह्या तिन्ही गोष्टी कमी पडल्या. बेलोज फॉल्स हे आडवाटेचे ठिकाण. त्यात १९६८ मध्ये व्हर्मॉंटने निसर्गसौंदर्य राखण्यासाठी रस्त्याकडेच्या जाहिरात-फलकांवर बंदी आणली. निर्णय राज्याच्या भल्याचा होता, पण संग्रहालयाची वाट दाखवणारे फलकही त्यात गेले. फेब्रुवारी १९८२ मध्ये बर्फाच्या भाराने एका शेडचे छप्पर कोसळले आणि आतली काही इंजिने जखमी झाली. १९८३ हा तिथला शेवटचा हंगाम. त्या वर्षी जेमतेम १७,००० पाहुणे आले.

१४/
१९८४ मध्ये संग्रह पेनसिल्व्हेनियातील स्क्रॅंटन येथे हलवला गेला. दगडी कोळसा, पोलाद आणि रेल्वे ह्यांवर वाढलेले आणि ते तिन्ही उद्योग ओसरल्यावर खंगलेले हे शहर. लॅकवाना रेल्वेचे रिकामे यार्ड तिथे होतेच. जुनी इंजिने पर्यटक आणतील आणि शहर सावरेल अशी आशा होती. ती पुरी पडली नाही आणि प्रतिष्ठान दिवाळखोरीच्या काठावर आले. तेव्हा तेथील काँग्रेस सदस्य जोसेफ मॅकडेड ह्यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये संसदेने हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवले. पंचवीस वर्षांपूर्वी एका राज्याने नाकारलेले ओझे अखेर संघराज्याच्या शिरी आले.

१५/
ह्यावर टीका झाली आणि ती पोकळ नव्हती. मतदारसंघाला खूश करण्यासाठी राष्ट्रीय खजिना वापरला, असा एक आक्षेप. दुसरा अधिक मूलभूत : ही इंजिने स्क्रॅंटनमध्ये कधी धावलीच नाहीत, मग त्यांचा ह्या भूमीशी संबंध काय? ब्लाउंटने जे हाती लागले ते घेतले होते. त्यामागे प्रेम होते, पण निवडीचे सूत्र नव्हते. पुढे राष्ट्रीय उद्यान सेवेने इतिहासकाराकरवी एकेका इंजिनाचा चरित्रवजा अभ्यास करवला आणि काय ठेवावे, काय द्यावे ह्याचा विचार केला. जमवण्यापासून जपण्याकडे जाणारी ती पहिली पायरी होती. स्थळाचे रीतसर उद्‌घाटन १९९५ मध्ये झाले.

१६/
१२७८ मात्र त्याआधीच निघून गेले होते. १९८७ मध्ये स्टीमटाउनने ते पेनसिल्व्हेनियातीलच गेटिसबर्ग रेल्वेला दिले आणि बदल्यात दुसरे एक कॅनडाचे इंजिन, ३२५४, घेतले. यादवी युद्धातील लढाईमुळे गेटिसबर्गला पर्यटकांची वर्दळ असते. तिथे १२७८ प्रवाशांना घेऊन धावू लागले. धुराचा लोट, शिट्टीचा आवाज आणि खिडक्यांतून हात हलवणारी मुले. इंजिन ‘जिवंत’ झाले असे आपण म्हणतो ते हेच. इथून दुसरे क्रियापद सुरू होते : चालवणे.

१७/
पुढचे समजण्यासाठी बॉयलरच्या पोटात डोकावू. मागच्या बाजूला अग्निपेटी असते. तिच्या चारही बाजूंना आणि डोक्यावरही पाणी असते. आत कोळशाची धग हजार अंशांच्या वर, तरीही अग्निपेटीच्या छताचा पत्रा टिकतो, कारण त्यावरचे पाणी उष्णता सतत ओढून घेते. पाणी खाली गेले आणि छत उघडे पडले, की काही मिनिटांत पत्रा लाल होऊन मऊ पडतो. वरून दाब असतो दर चौरस इंचाला २५० पौंड. मऊ पत्रा तो पेलू शकत नाही. म्हणूनच फायरमनची नजर सदैव पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर असावी लागते.

१८/
१६ जून १९९५ रोजी, गार्डनर्स गावाजवळ, प्रवासी गाडी ओढत असताना १२७८ च्या अग्निपेटीचे छत असेच खचले. वाफ आणि आग चालकाच्या खोलीत घुसली. इंजिनावरचे तिघे कर्मचारी भाजले. मागे शेकडो प्रवासी बसले होते. ते वाचले ह्याचे एक कारण १९४८ च्या कारागिरांपाशी सापडते. छताला वरून धरून ठेवणाऱ्या बोल्टांच्या काही ओळी जाड डोक्याच्या होत्या. त्यामुळे पत्रा एका झटक्यात न फाटता टप्प्याटप्प्याने निसटला आणि संपूर्ण बॉयलरचा स्फोट टळला.

१९/
अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. त्यांचा अहवाल हा वाफेच्या इंजिनांविषयीच्या अत्यंत महत्त्वाच्या आधुनिक दस्तऐवजांपैकी एक मानावा लागेल. मूळ कारण साधे होते : बॉयलरमध्ये पाणी कमी होते. पण ते लक्षात का आले नाही? पाण्याच्या नळीकडे जाणाऱ्या वाटा क्षाराने आवळल्या होत्या, म्हणून नळी खरी पातळी दाखवत नव्हती. बॉयलरची धुलाई आणि पाण्यावरची प्रक्रिया पुरेशी नव्हती. कर्मचाऱ्यांचे शिक्षण रीतसर नव्हते. ते एकमेकांकडून ऐकून-पाहून शिकलेले होते.

२०/
ह्या शेवटच्या मुद्द्यावर क्षणभर थांबावे. वाफेच्या काळात मुलगा इंजिन पुसण्यापासून सुरुवात करी, मग फायरमन होई आणि कितीतरी वर्षांनी चालकाच्या जागी बसे. चूक केली की अनुभवी माणूस जागेवर टोके. हे ज्ञान पुस्तकांत थोडे आणि हातांत जास्त होते. वाफेचे युग संपले तेव्हा इंजिने वाचवणारे पुढे आले. पण त्या हातांमधले ज्ञान कोणत्याही शेडमध्ये उभे करून ठेवता येत नाही. १२७८ चे लोखंड गेटिसबर्गला पोहोचले होते. त्याच्याबरोबर जायला हवी होती ती शिस्त मागेच राहिली.

२१/
अपघातानंतर नियम बदलले. जानेवारी २००० पासून वाफेच्या इंजिनांच्या तपासणीची नवी संघीय नियमावली लागू झाली. कामाच्या दर ३१ दिवसांनी आणि दर ९२ दिवसांनी ठरलेली तपासणी, शिवाय वार्षिक तपासणी. आणि कामाचे १,४७२ दिवस भरले किंवा पंधरा वर्षे झाली, जे आधी होईल तेव्हा, बॉयलर पुरता उघडून पत्र्याच्या जाडीसह सारे काही पाहायचे आणि गणित नव्याने मांडायचे. अमेरिकेत आज धावणारी पुष्कळ जुनी इंजिने ह्या शिस्तीखाली धावतात. एका अर्थाने १२७८ च्या जखमेने इतरांना संरक्षण दिले.

२२/
जखमी इंजिनाचे काय झाले? अपघातग्रस्त बॉयलर म्हणजे भंगाराचा हक्काचा माल. पण ते जेरी जेकबसन ह्यांनी विकत घेतले. त्याआधी, १९९६ मध्ये, त्यांनी १२९३ घेतले होते. ‘टेरर ट्रेन’ ह्या १९८० च्या भयपटात झळकलेले हे इंजिन ओहायो सेंट्रलवर अनेक वर्षे सहलींच्या गाड्या ओढत राहिले. तिसरे भावंड १२४६ दीर्घ काळ कनेक्टिकटमध्ये होते. अलीकडच्या वर्षांत तेही शुगरक्रीकला आले. ब्लाउंटने एकत्र आणलेली आणि मग पांगलेली तिन्ही भावंडे आज पुन्हा एका ठिकाणी आहेत.

२३/
जेकबसन सप्टेंबर २०१७ मध्ये वारले. संग्रहालय सर्वसामान्य पाहुण्यांसाठी नियमित खुले झाले ते २०२० मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर. स्टीमटाउनशी तुलना केल्यावर ह्या दोन तारखांचे महत्त्व कळते. ब्लाउंट गेला आणि संग्रह अनाथ झाला. जेकबसन गेले आणि दारे उघडली. कारण त्यांनी आधी छप्पर बांधले होते, शेजारी दुरुस्तीची सुसज्ज कार्यशाळा उभारली होती, कुशल माणसे नेमली होती आणि मागे प्रतिष्ठानाची व्यवस्था करून ठेवली होती. आपल्यानंतर काय, हा प्रश्न त्यांनी जिवंतपणीच सोडवला होता.

२४/
१२७८ आज धावत नाही. कुणाला ह्याची खंत वाटेल. पण संग्रहालयातील प्रत्येक वस्तूने नाचून दाखवावे हा हट्ट आपण सोडला पाहिजे. धावताना इंजिनाचे मूळ भाग झिजतात, बदलावे लागतात आणि कालांतराने ऐतिहासिक वस्तूच्या जागी तिची प्रतिकृती उरते. न धावणारे इंजिन कोरडे, छपराखाली, आपल्या खुणांसह उभे राहिले तर ते पुरावा म्हणून टिकते. काही धावावीत, काही उभी राहावीत आणि कोणते काय करील हे जाणकाराने विचारपूर्वक ठरवावे. जपणे म्हणजे बहुतांशी हे ठरवणेच.

२५/
१९९५ हे वर्ष आपल्यालाही ओळखीचे आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये भारतातील मोठ्या मापाच्या रुळांवरची नियमित वाफेची सेवा संपली. आपल्याकडे रेल्वे सरकारी, त्यामुळे ब्लाउंट किंवा जेकबसन घडण्यास वाव थोडाच. आपली पुष्कळ इंजिने स्थानकांबाहेर, कचेऱ्यांसमोर, चौथऱ्यांवर उभी आहेत. दर वर्षी त्यांना रंग मिळतो आणि दर पावसाळ्यात त्या रंगाखाली पाणी मुरते. ती भंगारात गेली नाहीत ह्याचा आनंद आहेच. पण हा टप्पा अजून जमवण्याचा आहे.

२६/
तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी एखाद्या जुन्या इंजिनासमोर छायाचित्रासाठी उभे राहाल, तेव्हा तीन गोष्टी पाहा. त्याच्या डोक्यावर छप्पर आहे का? ते कुठे घडले आणि कुठे धावले, हे सांगणारी चार ओळींची पाटी आहे का? आणि ते समजावून सांगणारा एखादा जाणता माणूस जवळपास आहे का? पहिल्याने लोखंड टिकते, दुसऱ्याने स्मृती आणि तिसऱ्याने विद्या. शुगरक्रीकच्या त्या विटांच्या इमारतीत ह्या तिन्हींची सोय आहे. म्हणून बारा वर्षे राबलेले, दोनदा मरणाच्या दारातून परतलेले १२७८ आज तिथे निवांत उभे आहे.

(धागा समाप्त)